मेणकापड

विश्रामबागेतल्या त्या घरात कुणी कुणाला लागेल असं बोलत नसे. संयोगिता लग्न होऊन आली तेव्हा तिला याचं इतकं नवल वाटलं होतं, की तिनं माहेरी फोन करून सांगितलं होतं. तिच्या माहेरी सकाळचा चहासुद्धा भांडल्याशिवाय गाळला जात नसे. इथं भाजीत मीठ जास्त पडलं तर सासरे निमूटपणे आणखी अर्धी भाकरी मागून घेत, आणि नवरा नुसतं "दही आहे का गं?" एवढं विचारी. दही मागितलं की मीठ जास्त झालं, हे समजून घ्यायचं. सोळा वर्षांत ती हे सगळं समजून घ्यायला शिकली. पुढं काय झालं ते या शिक्षणामुळंच झालं.

सासऱ्यांचं नाव नाथाजी. घरात सगळे आबा म्हणत. कोयनानगरला एकतीस वर्षं नोकरी झालेली. धरणाच्या पोटात एक बोगदा असतो. भिंतीतून झिरपणारं पाणी तिथं एका खाचेवर आणतात, आणि ते किती आलं हे रोज पट्टीनं मोजून वहीत लिहितात. आबांनी एकतीस वर्षं ते लिहिलं. "झिरपत न्हाई असं धरान नसतंय पोरी," ते सांगत. "किती झिरपतंय आन कुठनं, येवढंच बघायचं." पत्नी लीलाबाई गेल्यावर ते सांगलीला मुलाकडं आले, ते एक ट्रंक, एक गादी आणि एक तांब्या घेऊन. कॉट दिली तर नको म्हणाले. कोयनेत रात्री-अपरात्री जमीन हलायची. खाटेवरून पडण्यापेक्षा माणसानं आधीच जमिनीवर असावं, हा त्यांचा अनुभव होता. बाथरूमला लागून असलेल्या खोलीत, बाथरूमच्याच भिंतीशी त्यांनी गादी टाकली.

मागच्या डिसेंबरात त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. डॉक्टर तरुण आणि मनमोकळे होते. "दोन-तीन महिने थोडं लीकेज राहू शकतं आजोबा. घाबरायचं नाही."

"गळती म्हना की," आबा म्हणाले.

घरी आल्यावर जेवताना त्यांनी, कुणी विचारलं नसताना, थोरल्या चुलत्याची गोष्ट काढली. "मानूस लय चांगला हुता. गावचा पंच. पन अंथरून भिजाया लागलं आन गोठ्यात खाट टाकली त्येची. म्हशीशेजारी. पुढं दोन वर्सं जगला, पन घरात काय परत आला न्हाई."

"आबा, आपल्याकडं म्हैस कुठाय?" वीरधवल म्हणाला. वीरधवल त्यांचा एकुलता एक मुलगा आणि संयोगिताचा नवरा. सगळे हसले. आबाही हसले. पण हसताना त्यांनी ताटातली भाकरी मोडली ती तशीच ठेवली, हे संयोगितानं पाहिलं आणि समजून घेतलं. या घरात आपली जागा आता आपल्या अंथरुणावर अवलंबून आहे, असं म्हाताऱ्यानं मनाशी धरलं होतं.

वीरधवलचं वडिलांवर फार प्रेम होतं आणि ते करायला त्याच्याकडं ड्रिल मशीन होतं. लॉकडाऊनमध्ये घेतलेलं. तेव्हापासून तो ते घेऊन भिंती शोधत असे. ऑपरेशननंतरच्या पहिल्याच रविवारी त्यानं बाथरूममध्ये स्टीलचं जाडजूड हँडल बसवलं, आबांना धरून उठता यावं म्हणून. चार स्क्रू. स्वतः लोंबकळून बघितलं. "हत्ती लटकला तरी निघायचं नाही," तो म्हणाला.

पुढच्या पंधरवड्यात एका सकाळी संयोगिता कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेली, तर दोरीवर आबांची चादर आधीच वाळत होती. एकटी चादर, दोन चिमट्यांनी नीट लावलेली. आबा कढीपत्त्याच्या झाडाशी उभे होते.

"आबा, मशीन आहे की. तुम्ही कशाला धुतलीत?"

"घामट झाली हुती."

डिसेंबर महिना होता. संयोगितानं चादरीकडं बघितलं, आबांकडं बघितलं नाही.

आठवड्यातून चार दिवस चादर घामट होऊ लागली. आबांच्या खोलीत फिनेलचा वास येऊ लागला. दुसरा कसला वास मात्र कधीच आला नाही, आणि ही देवाचीच कृपा म्हणून संयोगितानं देवाचे आभार मानले. ती ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती. बारावीच्या पोरांना कुठल्याही पातळ पदार्थाची ओळख पटवण्याच्या सहा परीक्षा तिला तोंडपाठ होत्या. पण सासऱ्याची गादी हा काही पातळ पदार्थ नव्हे, आणि चांगल्या घरची सून तिला नाक लावत नाही.

एकदा, एकदाच, तिनं विषय काढला. आबा पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. ती शेजारी बसली, दोन शेंगा फोडल्या आणि म्हणाली, "आबा, ते… होतं एवढ्यात. डॉक्टरांनी सांगितलंच होतं. काही वाटून घेऊ नका."

आबांचे हात थांबले. मग ते म्हणाले, "व्हय."

झालं. एवढंच बोलणं. 'ते' म्हणजे काय, हे तिनं सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. तिनं साधा शब्द वापरला असता तर कदाचित ते म्हणाले असते, "पन मला तर काय कळतच न्हाई गं कवा हुतंय ते," आणि मग दोघंही विचारात पडली असती. पण 'ते' या शब्दात सगळं मावलं. तो शब्द त्यासाठीच असतो.

त्या दुपारी तिनं औषधाच्या दुकानातून मीटरभर मेणकापड आणलं. दुकानदारानं "बाळासाठी का?" विचारलं, ती हो म्हणाली. आबा फिरायला गेले असताना तिनं ते गादीवर पसरलं आणि वरून चादर घातली, काही झालंच नाही अशी. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा तिच्याकडं न बघता चहा पिऊन गेले. म्हणजे त्यांना कळलं होतं, आणि तिला कळलंय हेही कळलं होतं.

गंमत म्हणजे चादर त्यानंतर कोरडी राहू लागली. "गुण आला," असं संयोगिताला वाटलं. पण पुढच्या रविवारी तिनं गादी उन्हात टाकायला उचलली तर खालची बाजू ओलीच. वर कोरडं, खाली ओलं. मधे मेणकापड. धरणाच्या पोटात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला आणि एम.एस्सी. झालेल्या बाईला याचा अर्थ लावता येऊ नये, असं काही नव्हतं. पण अर्थ आधीच लागलेला असला की पुरावा कितीही आला तरी त्याला बसायला जागा नसते. संयोगितानं ठरवलं, की आबा लाजेनं रात्री मेणकापड काढून ठेवत असणार आणि पहाटे परत घालत असणार. तिला त्यांची फार कीव आली. आणि गादी ओली ती आपल्यामुळंच, असं धरून आबांनी काय ठरवलं, ते तिला त्यांच्या तांब्यावरून समजलं.

तांब्या रात्री उशाला भरून ठेवलेला असे. सकाळी रिकामा असे. आणि कढीपत्त्याला त्या वर्षी इतकी पानं आली, की शेजारच्या बायका मागायला येऊ लागल्या.

"आबा, पाणी प्या ना. तीन लिटर सांगितलंय डॉक्टरांनी."

"डाक्टरचं काय जातंय. त्येला कुठं निस्तरावं लागतंय."

"अहो पण…"

"तहान न्हाई गं. म्हाताऱ्या मानसाला तहान नसती."

आधी त्यांनी रात्रीचं पाणी सोडलं. मग संध्याकाळचा चहा. मग चारनंतर काहीच नको. जानेवारीत औंधला यमाईची जत्रा असते. आबांची बहीण हरणाबाई तिथं दिलेली, आणि तिच्याकडं जाऊन चार दिवस राहायचं हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. हरणाबाईंचा फोन आला तर आबा म्हणाले, "गुडघं दुखत्यात." परक्या घरी अंथरूण भिजलं तर, ही भीती. ते गेले असते तर चार रात्री कोरडे झोपले असते. पाचव्या दिवशी वही काढून हिशेब मांडला असता. पण गेले नाहीत.

फेब्रुवारीत त्यांच्या खोलीतल्या भिंतीचा रंग जमिनीलगत फुगून सुटायला लागला. वीरधवलनं बघितलं आणि म्हणाला, "पुराची ओल." पूर त्यांच्या गल्लीपासून अर्धा किलोमीटर आधीच थांबला होता. पण सांगलीत भिंतीला ओल आली की ती पुराचीच. तिसऱ्या मजल्यावर आली तरी पुराचीच. आबांना गारवा बाधू नये म्हणून त्यानं पुढच्या शनिवार-रविवारात कमरेइतक्या उंचीची प्लॅस्टिकची पॅनेलं ठोकली. लाकडी रंगाची, छान दिसत होती. आबांनी भिंतीवरून हात फिरवून म्हटलं, "झ्याक काम केलंस."

टाकीही हल्ली लवकर रिकामी व्हायची. "दोन दिवस जायची, आता दीडच जाते. कोण एवढं पाणी वापरतंय?" वीरधवल सहज म्हणाला. आबा खाली मान घालून जेवत होते. कोरडी असली तरी चादर ते धूतच होते; दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ती अर्ध्या बादलीत धुवायला सुरुवात केली.

"आवं तुमी राहू द्या," धुण्याभांड्याची बाईसुद्धा म्हणायची. पण आबा राहू देत नव्हते.

एप्रिलमध्ये सांगलीचं ऊन असं पडलं की रस्त्यावरची कुत्री गटारात बसू लागली. आबांचे ओठ फुटले. चालताना ते भिंत धरू लागले. एका सकाळी खोलीचं दार उघडलं नाही म्हणून संयोगितानं ढकललं, तर ते गादी गुंडाळून, तिच्यावर बसून होते, आणि तिला त्यांनी "लीला" अशी हाक मारली.

हॉस्पिटलात अकरा दिवस. किडनीचे डॉक्टर म्हणाले, जंतुसंसर्ग आहे आणि शरीरात पाणीच नाही. "किती पाणी प्यायचे?"

"भरपूर," वीरधवल म्हणाला. "तांब्या कायम भरलेला असतो उशाला."

संयोगिता शेजारी उभी होती. सांगावं असं तिच्या मनात आलं. मग कढीपत्त्याबद्दल सांगावं लागलं असतं, मग चादरीबद्दल, मग मेणकापडाबद्दल. आणि आबा दोन हातांच्या अंतरावर, नळ्या लावलेले, पण शुद्धीत होते. ती गप्प राहिली. बाराव्या दिवशी सकाळी आबा गेले.

हरणाबाई औंधहून आल्या त्या थेट भावाच्या खोलीत. पंच्याहत्तरीची, काटक, आवाजानं घर हलवणारी बाई. "जत्रंला ये म्हनलं तर गुडघं दुखत्यात म्हनला," एवढंच त्या रडता रडता पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मग डोळे पुसून कामाला लागल्या. हॉस्पिटलात गेला म्हणून काय झालं, माणूस जिथं झोपायचा तिथंच त्याचा जीव घुटमळतो. गादी आधीच बाहेर दिली होती. त्या रिकाम्या जागी हरणाबाईंनी ज्वारीचं पीठ चाळणीनं पातळ पसरलं, शेजारी दिवा लावला, पिठावर बांबूची बुट्टी पालथी घातली. सकाळी बुट्टी उचलायची. पिठात जो ठसा उमटेल त्यावरून गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते कळतं. पाखराचा पाय, गाईचं खूर, काहीही.

सकाळी खोलीत दहा-बारा माणसं जमली. हरणाबाईंनी बुट्टी उचलली.

पीठ ओलं झालं होतं. भिंतीकडून एक लांब, वळणावळणाची ओली रेघ आत आली होती आणि मधोमध पसरली होती.

"साप," कुणीतरी म्हणालं.

"गप रं. साप कोरडा असतोय," हरणाबाई वाकून बघत म्हणाल्या. "मासा हाय ह्यो. ही बघा शेपटी. पान्यात गेला माझा नाथा. जल्मभर पानी मोजलं, कोयनंनं नेला त्येला माघारी." आणि त्यांनी हात जोडले.

वीरधवल हॉस्पिटलात रडला नव्हता, स्मशानात रडला नव्हता. तो आता भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला आणि मग त्याचा चेहरा एकदम हलका झाला. वडील गेले, पण बऱ्या ठिकाणी गेले होते.

संयोगिता पिठाकडं बघत होती. तिनं बोट लावलं. दोन बोटांत चोळलं. मग, सगळ्यांसमोर, नाकाशी नेलं. पाणी होतं. साधं पाणी. आणि त्या जागेवर बारा दिवस कुणीही झोपलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिनं प्लंबरला बोलावलं. "सुतकात भिंत फोडत्यात व्हय?" असं दोघातिघांनी विचारलं. पण लालासाहेब प्लंबर आले. मोठ्या पोटाचा, सावकाश बोलणारा माणूस. आधी त्यांनी काहीच फोडलं नाही. घरातले सगळे नळ बंद करायला लावले, मोटार बंद करायला लावली, टाकीत डोकावून पाण्याच्या पातळीला खडूनं रेघ मारली आणि तीन तास पडवीत बसून पेपर वाचला. मग वर जाऊन आले.

"येक बोट उतारलंय. घरात कुनी पानी घेतलं?"

"नाही."

"मग हाय कुठंतरी." त्यांनी आबांच्या खोलीतलं एक पॅनेल उचकटलं. मागची भिंत हिरवी-काळी झाली होती, खाली पांढरा खार फुटला होता. "हे बघा. उघड्या फरशीवर आलं की वाळतंय, उन्हाळाच हाय तसा. काय झाकलं, अंथरलं, की त्येच्या बुडी साठतंय. इथं काय ठेवत हुता?"

"काही नाही," वीरधवल म्हणाला. "आबांची गादी असायची."

बाथरूममध्ये जाऊन लालासाहेबांनी भिंत बोटानं वाजवत नेली, आणि हँडलापाशी थांबले. हँडलाभोवतीची टाइल फोडली. खालचा उजवीकडचा स्क्रू भिंतीतल्या पाइपाच्या पोटात घुसलेला होता.

"ह्यो बघा चोर. भोक पाडलं आन सोताच बूच हून बसला. म्हनून धार लागली न्हाई, नुसतं ठिबकत ऱ्हायलं. भिंतीत पायीप कुठनं गेलाय ते बघितल्याबिगार ड्रिल मारायचं नसतं सायेब. कवा बसवलं हे?"

"डिसेंबरात," वीरधवल म्हणाला. "ऑपरेशननंतर लगेच." मग जरा हसलाही. "चला, म्हणजे पुराची नव्हती. उगाच पॅनेलं ठोकली मी. बरं झालं, वेळेत सापडलं."

वेळेत. संयोगिता दाराशी उभी होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. ना चादरी, ना मेणकापड. त्याला वाईट वाटेल म्हणून तिनं सांगितलं नव्हतं. त्याच्या दृष्टीनं एक पाइप फुटला होता, एक बाप वारला होता, आणि बापाचा मासा झाला होता. ती गप्प राहिली तर हे तिन्ही असेच राहणार होते. आबांवर डाग होता तो फक्त तिच्या मनात. तिथला पुसला की झालं, बाहेर कुणाला काही सांगायची गरजच नव्हती. चांगल्या घरात हे असंच करतात.

पण तो डाग आणखी एका माणसाच्या मनात होता, आणि तो माणूस तो घेऊन गेला होता.

ती पुढच्या खोलीत आली. हरणाबाई सतरंजीवर बसल्या होत्या, भोवती औंधची माणसं, शेजारच्या बायका, वीरधवलच्या ऑफिसातले दोघे.

"काय गं, घावलं का?" हरणाबाईंनी विचारलं.

"आत्या," संयोगिता म्हणाली. एवढ्या मोठ्यानं ती या घरात कधी बोलली नव्हती. "आबा अंथरूण ओलं करत नव्हते."

आतला हातोड्याचा आवाज थांबला.

"आगं, पन कोन म्हनत हुतं तसं?"

"मी."

"तू? कवा? आमी तर न्हाई आयकलं."

"मी तसं म्हणत नव्हते. धरून चालले होते. चार महिने. ओल भिंतीतनं येत होती, आणि मी त्यांच्या खाली मेणकापड घातलं." तिनं मागच्या अंगणाकडं हात केला. "आबांनी पाणी सोडलं होतं आत्या. त्यापायी. तांब्या झाडाला ओतायचे. मला माहीत होतं."

आतून पावलं दारापर्यंत आली आणि तिथंच राहिली. वीरधवल पुढं आला नाही. तिला मागं वळून बघायचं धाडस झालं नाही.

हरणाबाईंनी पुढं वाकून तिच्याकडं बघितलं. मग हळू आवाजात, आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या हळू, त्यांनी विचारलं, "मंजे त्यो सोताला तसं समजूनच गेला?"

"हो."

हरणाबाईंनी पदर तोंडावर घेतला. मग त्या सतरंजीवर थोड्या सरकल्या. जागा करून दिली, की अंतर ठेवलं, हे संयोगिताला कळलं नाही. तिनं विचारलंही नाही. ती तिथंच, सतरंजीच्या कडेला, खाली बसली.